पाटील ते मोरे: पूर्वजांच्या शोधात नाशिक, पुणे आणि वाळवा

आमचं आडनाव पाटील. सांगली-कोल्हापूर भागात या आडनावावरून माणसाचा काहीच पत्ता लागत नाही. मराठा, जैन, लिंगायत, कोळी, आगरी, सगळ्यांत पाटील आहेत, कारण पाटील हा मुळात हुद्दा. 1962 च्या कायद्यानं पाटीलकी संपली, आडनाव तेवढं राहिलं. वडील सांगायचे, "आपण मूळचे मोरे." घरात याचा एकही कागद नव्हता. तो शोधायला मी, माझा चुलतभाऊ आणि मोडी लिपी शिकलेली पुतणी असे तिघं निघालो.

मोरे म्हटलं की लोक लगेच जावळीला पोचतात. 1656 साली शिवाजी महाराजांनी जावळी घेतली ती चंद्रराव मोऱ्यांकडून, आणि महाराष्ट्रातले निम्मे मोरे स्वतःला त्यांचे वंशज सांगतात. देहूच्या तुकोबारायांचं घराणंही मोऱ्यांचंच. ही नावं मोठी आहेत, म्हणूनच त्यांच्यापासून सुरुवात करू नये असं मला कळकळीनं सांगायचंय. आडनाव एक असलं म्हणून घराणं एक होत नाही. आपल्या माहितीतल्या शेवटच्या माणसाला धरायचं, त्याचा बाप शोधायचा, मग त्या बापाचा बाप. वरून खाली यायला लागलं की हवं ते सापडतं आणि खरं ते हातचं जातं.

निघण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलून घ्या. कुलदैवत, देवक विचारा, पण त्यावर फार विसंबू नका. आमच्या भागात दर दुसऱ्या घराचा कुलस्वामी जोतिबा, त्यावरून काय ठरणार? देवक मोराचं पीस निघालं, तेव्हा मोरे म्हणण्याला थोडा आधार मिळाला. सगळ्यांत कामाचा प्रश्न वेगळाच आहे: आपलं सुतक कुठल्या कुठल्या गावात पाळतात? आणि कुठल्या गावात आपण मुलगी देत नाही? वंशावळ विसरलेली घरंसुद्धा सुतक विसरत नाहीत. आमच्या काकीनं शिराळ्याकडच्या एका गावाचं नाव घेतलं. तिथं आमची सोयरीक होत नाही, का ते तिला माहीत नव्हतं. ते नाव वहीत टिपून ठेवलं.

पहिला मुक्काम नाशिक. पंचवटीत रामकुंडाच्या आसपास तीर्थोपाध्यायांची घरं आहेत आणि यजमानांच्या नामावळ्या त्यांच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या आहेत. प्रत्येकाकडं ठरावीक भाग, ठरावीक गावं. त्यामुळं आडनावापेक्षा गाव आधी सांगायचं. आणि जिल्हा जुना सांगायचा! आमचा वाळवा तालुका 1949 पर्यंत सातारा जिल्ह्यात होता, मग दक्षिण सातारा झाला, सांगली हे नाव आलं 1960 साली. जुन्या वहीत सांगली जिल्हा कसा असेल? "सातारा, वाळवं" म्हटल्यावर गुरुजींनी बरोबर पोथीवजा लांबट वही काढली.

आमच्या घराण्याचा लेख, म्हणजे वहीतली नोंद, सापडला तेव्हा आम्ही तिघं त्या पानावर अक्षरशः वाकलो होतो. पिवळट कागद, काळी शाई, आधी सरळ रेघ ओढून तिच्याखाली न तोडता लिहिलेली मोडी. पुतणी बोट न टेकवता एकेक शब्द सोडवत गेली. शके 1821, विकारी नाम संवत्सर, मार्गशीर्ष. म्हणजे 1899 चा हिवाळा. मौजे अमुक, राणोजी बिन (म्हणजे मुलगा) तुकोजी पाटील मोरे. बाप तुकोजी, आजा हिरोजी. बापाच्या अस्थी घेऊन आला होता. खाली दस्तुर, म्हणजे हस्ताक्षर, दुसऱ्याचा आणि राणोजीची निशाणी म्हणून काढलेला छोटा नांगर. वडिलांचं ते एक वाक्य इथं कागदावर उभं होतं.

त्याच लेखात आई भागूबाई, बायको सारजाबाई, आणि आईचं माहेरही होतं. आमच्या जमिनीच्या जुन्या कागदांत या बायका कुठंच नाहीत. राणोजीच्या आईचं नाव मला पहिल्यांदा कळलं ते रामकुंडाजवळच्या त्या ओट्यावर. नाशिकला जाणाऱ्यांनी आजीकडची, आईकडची नावंही लिहून न्यावीत, सासर-माहेरच्या गावांवरून लेख जुळवायला सोपं जातं. आणि आपला नवा लेख लिहून देताना मुलींची, सुनांची नावं आणि माहेरं सांगायला विसरू नका.

सकाळी गुरुजी विधींत गुंतलेले असतात, दुपारनंतर निवांत बोलता येतं. पितृपक्ष टाळाच, आणि 2026-27 च्या सिंहस्थाच्या गर्दीत तर हे काम व्हायचं नाही. फोटो विचारूनच घ्या. दक्षिणा मनापासून द्या, या लोकांनी वह्या सांभाळल्या नसत्या तर आपल्याला बघायला काही उरलं नसतं. त्र्यंबकेश्वर तिथून साधारण 30 किलोमीटर. तिथल्या उपाध्यायांकडंही वेगळ्या नामावळ्या असतात. आमचा लेख तिथं नव्हता, तुमचा असू शकतो.

पुण्याच्या पुराभिलेखागारात, ज्याला सगळे पेशवे दफ्तर म्हणतात, जायचं तर ओळखपत्र आणि कामाचा हेतू लिहिलेला अर्ज लागतो. कागद कापडात बांधलेल्या रुमालांत आहेत. "मोरे दाखवा" म्हणून तिथं काही मिळत नाही. प्रांत, परगणा, मौजा या वाटेनंच जावं लागतं. वतनदार घराणं असेल तर इंग्रजांनी इनामं-वतनं तपासायला नेमलेल्या इनाम कमिशनच्या काळातल्या कैफियती, म्हणजे लेखी निवेदनं, आधी मागा, कारण वतनाचा हक्क सांगताना लोकांनी वंशावळी लिहून दिल्या होत्या. कागदात पाटील शोधत बसू नका, तिथं तो बहुधा मोकदम असतो.

तारखांची तयारी घरूनच करा. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंत 79. फसली, म्हणजे महसुली, सनात 590 किंवा 591. मराठेशाहीच्या कागदांतला शुहूर सन अरबी आकड्यांच्या शब्दांनी लिहिलेला असतो: सलास सबैन मया व अलफ म्हणजे तीन, सत्तर, शंभर, हजार, एकूण 1173. त्यात 599 मिळवायचे, जानेवारीपासून मृगापर्यंतची तारीख असेल तर 600. हे वर्ष मृगाला सुरू होतं. मोडी येत नसेल तर वाचणारा जाणकार बरोबर न्या. नुसत्या पुस्तकी सरावावर घसरता हात वाचता येत नाही.

आम्हाला आमच्या गावच्या पाटीलकीची कैफियत मिळाली. तीन तक्षिमा, म्हणजे वाटे, आणि मधल्या तक्षिमेत हिरोजी बिन सुभानजी मोरे, त्याच्याखाली मुलगा तुकोजी. एकटा हिरोजी जुळला असता तर मी मान्य केलं नसतं. आपल्याकडं आज्याचं नाव नातवाला ठेवतात, त्यामुळं दर दोन पिढ्यांनी तेच नाव परत येतं. बाप-लेकाची जोडी, गाव आणि काळ, तिन्ही जुळले तरच पुढं सरका.

तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14, म्हणजे जुनी जन्म-मृत्यूची नोंदवही, आणि फेरफार बघितले. झेडपीच्या शाळेतलं जनरल रजिस्टर त्याहून उपयोगी पडलं: एकाच भावकीतला थोरला 'मोरे' म्हणून दाखल, धाकटा 'पाटील' म्हणून. आडनाव कुठं बदललं ते त्या पानावर दिसतं. तालुक्याला जाण्याआधी जिल्ह्याचं संकेतस्थळ बघा. 2023 पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी कित्येक जिल्ह्यांनी जुन्या मोडी नोंदी स्कॅन करून चढवल्या आहेत, गावनिहाय. तुमची जात कुठलीही असो, गावातल्या घराण्यांची नावं त्यांत सापडतात. सरकारी कचेरीत सोमवारी आणि सुट्टीच्या आदल्या दिवशी जाऊ नका. आम्हाला एका ठिकाणी रेकॉर्डची किल्ली असलेला माणूसच भेटला नाही, तो दिवस वाया गेला.

मग काकीनं सांगितलेलं शिराळ्याकडचं गाव. तिथले लोक आजही मोरेच लावतात. सोप्यात बसलेल्या आज्जीला आम्ही गावाचं नाव सांगितलं तशी ती सुनेला म्हणाली, "पाणी आण गं, भाऊबंद हाईत." मी विचारलं, आज्जी, तुम्हाला कसं माहीत? "तुमच्यातलं कोण गेलं की आमी धा दिस पाळतो. का ते इचारू नगंस लेकरा, सासूनं सांगितलं, आमी पाळलं." तिच्या घरात वंशावळीचा एक कागद नाही. पण तिच्या नवऱ्याकडच्या नावांची तोंडपाठ साखळी सुभानजीपर्यंत जाते, आणि कैफियतीतही सुभानजीचा धाकटा भाऊ 'परगावी वस्तीस' असा नोंदलेला आहे.

अशा घरी जाताना कागदांच्या झेरॉक्स बरोबर न्या आणि पहिल्यांदाच सांगा की जमिनीचा विषय नाही. ही भीती खरी असते, आणि ती गेल्याशिवाय कुणी मोकळं बोलत नाही. जत्रेच्या दिवसांत गेलात तर उत्तम. परगावची भावकी आलेली असते, आणि पालखीला कुणाचा मान आधी, यावरून थोरली-धाकटी पाती कळते.

आता राहिले हेळवी. आमच्या भागातल्या घराण्यांच्या वंशावळी सांगणारे हे लोक बेळगावकडून सुगी झाल्यावर येतात. पूर्वी बैलावरून यायचे, दारात वही उघडून पिढ्या वाचायचे आणि धान्य, भांडं, वासरू असा मान घ्यायचे. आमच्या वाड्यावर येणं बंद झालंय, पण शिराळ्याच्या मोऱ्यांकडं अजून येतात. आज्जीच्या नातवानं त्यांचा नंबर दिलाय. सुभानजीच्या वर कोण, हे आता त्यांच्याच वहीत बघायचंय, आणि सुगीनंतर आम्ही तिथं जाणार आहोत. वाळवा, शिराळा, कऱ्हाड भागातल्या मोरे किंवा पाटील घरांत परगावच्या कुणाचं सुतक कारण माहीत नसताना पाळलं जात असेल, तर त्या गावाचं नाव मला जरूर कळवा.