दगडाचं सोंग घेतलेलं बोळकं

लंडनच्या पेट्री संग्रहालयात गेलं की लोक होड्या रंगवलेल्या मडक्यांपुढे रेंगाळतात. रेंगाळावंच. वल्ह्यांच्या रांगा, होडीवर दोन खोपटी, हात वर केलेली बाई, लांब मानेचे पक्षी. इसवी सनापूर्वी ३५०० ते ३२०० च्या सुमाराची ही इजिप्तमधल्या नाकादा संस्कृतीची भांडी. मी मात्र मुठीत मावेल अशा एका बोळक्यापाशी अडकते. त्यावर होडी नाही, बाई नाही. नुसती गेरूच्या रंगाची वेटोळी.

मी संध्याकाळच्या वर्गात माती मळते, त्यामुळे नजर आधी काठाकडे आणि बुडाकडेच जाते. हे हातानं घडवलेलं आहे. इजिप्तमध्ये चाक यायला अजून कित्येक शतकं होती. मातीही नाईलच्या गाळाची नव्हे, ती भाजली की तांबूस होते. ही वाळवंटाच्या कडेची, चुन्याचा अंश असलेली. भाजून फिकट पिवळसर झाली, म्हणून तर वरचा गेरू एवढा उठून दिसतो.

दोन्ही खांद्यांवर आडवे, आरपार भोक असलेले कान आहेत, दोरी ओवायला. हा घाट मुळात दगडी भांड्यांचा. दगडात असा कान ठेवायचा तर त्याच्या भोवतालचा सगळा दगड घासून काढावा लागतो. मातीत काय, छोटी नळी वळायची आणि चिकटवायची! वेटोळीही दगडावरच्या नक्षीची नक्कल, असं अभ्यासक म्हणतात. ‘गरिबाचा दगड’ म्हणून ते मोडीत काढणं मला पटत नाही. इतकी नीट, सारख्या अंतरावरची वेटोळी कुठल्या दगडात असतात? रंगवणाऱ्याचं नकलेवरून लक्ष उडालं आणि हात रंगात आला, असंच मला वाटतं.

ज्याच्या नावाचं हे संग्रहालय, त्या पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्रीनं १८९४-९५ मध्ये इजिप्तमधल्या नाकादा गावी दोन हजारांहून जास्त कबरी खणल्या. राजाचं नाव नाही, लेख नाही. आधी त्याला ही बाहेरून आलेली ‘नवी जमात’ वाटली. ही माणसं इजिप्तच्या राजवंशांच्याही आधीची, हे फ्रेंच पुरातत्त्वज्ञ जाक द मॉर्गननं ओळखलं. मग पेट्रीनं निवडक कबरी घेतल्या, एकेकीतल्या भांड्यांची एकेका पट्टीवर नोंद केली आणि पट्ट्या मागेपुढे सरकवत क्रम लावला. मुख्य धागा होता नागमोडी कानांचा. आधी ते खरोखर धरायचे, भांडं उचलायचे. पुढे भांडी सडपातळ झाली, कान खपाटीला गेले आणि शेवटी गळ्याभोवती नुसती नागमोडी रेघ उरली.

क्रमाचे आकडे त्यानं ३० पासून सुरू केले. उद्या याहून जुनं काही सापडलं तर? ही अक्कल मला त्याच्या सगळ्या खणण्याहून मोठी वाटते. १९२० च्या दशकात इजिप्तमध्येच बदारीला खरंच जुनी भांडी निघाली आणि त्या रिकाम्या आकड्यांत जाऊन बसली.