अक्कांचं बोट

रविवार, रात्री साडेदहा

नवरात्र आठवड्यावर आलंय. कपाटाचा खालचा कप्पा उपसला तर तळाशी कोरोनातला ऑक्सिमीटर निघाला, बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन बघायचा तो. सेल पाझरलेले, स्प्रिंगवर पांढरी भुकटी. जुन्या टूथब्रशनं घासली, रिमोटचे दोन सेल घातले, चालतोय का ते बघायला बटण दाबलं. तेवढ्यात कॉटवरून अक्कांनी तर्जनी पुढं केली. न बोलता. नजर टीव्हीवरच.

आणि मी लावला. ९७.

तेव्हापासून चैन नाही. एवढ्या वर्षांनी ते बोट आपसूक पुढं आलं कसं?

कप्प्यात वहीचं पानही होतं, मे २०२१ चं. आधी सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र. चौथ्या दिवसापासून तासातासाला. मग रात्रीचे २:१०, २:२०, २:३५. आकडे बघितले तर ९६, ९५, ९६, ९६. आकडा उतरतच नव्हता, उतरत होतं ते दोन नोंदींमधलं अंतर. अक्षर माझं.

या यंत्रात एक-दोन टक्के इकडंतिकडं होतातच, म्हणजे ९५ आणि ९६ मध्ये घाबरण्यासारखं काही नसतं. बोट गार असेल, नखाला नेलपॉलिश किंवा मेंदी असेल, हात हलला तर आणखी चुकतं. पाच मिनिटं स्वस्थ बसून, आकडा स्थिरावला की मग वाचायचा. पण रात्री दोन वाजता कोण थांबतंय! आकडा चांगला आला की जीव भांड्यात पडतो, आणि तिथंच गोम आहे. ‘बघितलं म्हणून वाचलो’ असं मन शिकतं. पुढच्या वेळी भीती लवकर येते, मग पुन्हा बघणं. साथ ओसरली तरी हे चक्र आपोआप थांबत नाही.

आपल्या गावाला आकडा बघत जगायची सवय आहेच. जुलै आला की पंचगंगेवरचा राजाराम बंधारा किती फुटावर? ३९ ला इशारा, ४३ ला धोका. पण तो आकडा हाताला काम देतो: जनावरं हलवा, धान्य माळ्यावर चढवा. पाणी उतरलं की कुणी विचारत नाही. जुलै २०२१ मध्ये दोन्ही आकडे एकदमच बघत होतो. नदी उतरली. बोट राहिलं.

त्या दिवसांत मला कुणी विचारलं का, तू झोपलीस का म्हणून? एकदाही नाही. जाऊ दे.

जागतिक आरोग्य संघटनेनं मार्च २०२२ मध्ये सांगितलं, साथीच्या पहिल्या वर्षात जगभर चिंता आणि नैराश्य २५ टक्क्यांनी वाढलं. मोठा आकडा आहे. पण टीव्ही बघता बघता पुढं येणारं बोट असल्या मोजणीत येत नाही, आणि घरोघरी तेच उरलंय. कुणी खोकलं की अजून मान वळते. गल्लीतून सायरन गेला की हातातलं काम थांबतं. शेजारच्या काकांच्या रक्षाविसर्जनाला चौघंच होते, त्याबद्दल तर कुणी बोलतच नाही.

आणखी एक घोळ असतो. घाबरून भराभर मोठे श्वास घेतले की शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, श्वास पुरत नाही असं वाटतं. आकडा मात्र ९९. अशा वेळी ‘खोल श्वास घ्या’ म्हणणं चूक, सोडायचा श्वास लांबवायला हवा. नाकानं चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, चार-पाच मिनिटं. छातीत दुखत असेल, ओठ निळसर दिसत असतील तर मात्र यातलं काही करत बसायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

यंत्र लपवून ठेवण्यानं भागत नाही. मग माणूस नाडी धरतो, मनगटावरचं घड्याळ बघतो, नाहीतर ‘माझा चेहरा बरा दिसतोय ना?’ विचारत राहतो. तेही तपासणंच. उशीर करायचा. पहिल्यांदा दहा मिनिटं. भीती शून्य ते दहात किती, ते कागदावर लिहायचं आणि दहा मिनिटांनी पुन्हा लिहायचं. बहुतेकदा न मोजताच उतरलेली असते. मग वीस, मग अर्धा तास. डॉक्टरांनीच रोज मोजायला सांगितलं असेल त्यांची गोष्ट वेगळी. महिनाभर करूनही झोप लागत नसेल तर मदत घ्यावी, १४४१६ या टेली मानसच्या (मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या) नंबरवर मराठीतही बोलतात.

अक्कांना शून्य ते दहा विचारलं तर म्हणतील, “मला कुठं काय झालंय?” आणि ते खरंच असेल. भीती कदाचित त्यांची नसेलच. रात्री दोनला झोपमोड करून मी बोट मागायची आणि त्या अर्धवट झोपेत द्यायच्या. आजही तसंच दिलं असेल, माझ्यासाठी.

तसं असेल तर कागद मीच घ्यायचा.

माझी भीती आत्ता सात. सेल काढून पुन्हा रिमोटमध्ये घातलेत. ओल्या शेंगांची पाटी कॉटजवळ ठेवलीय. सकाळी बोट पुढं आलं तर आधी दोघींनी मिळून दहा मिनिटं शेंगा फोडायच्या. वाकळा दुपारी धुऊ.