आईचा पहारा

बडोद्याला समुद्र नाही, पण देवमासा आहे. कमाटी बागेतल्या म्युझियममध्ये. १९४४ साली मही नदीच्या मुखाशी वाहून आलेल्या निळ्या देवमाशाचा तो सांगाडा, लांबी सत्तर फुटांच्या वर. आमच्या पिढीतल्या बहुतेक पोरांना शाळेने एकदा तरी त्याच्याखाली नेऊन उभं केलेलं आहे. माना वर करून फासळ्या मोजायच्या, चुकायच्या, आणि बाहेर येऊन खारीशिंग खायची. समुद्राशी माझा संबंध एवढाच. शीड म्हणजे काय, तर कुणाच्या तरी शिडात वारा भरतो ते.

गेल्या उत्तरायणाला, म्हणजे पतंगांच्या संक्रांतीला, भाची आली होती. सकाळी नातवाला घेऊन आम्ही बागेत गेलो, तर ही सांगाड्याखाली उभी राहिली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पावलं मोजत चालत गेली. परत आली आणि म्हणाली, "मावशी, आमची बोट साधारण एवढीच. हिच्या पोटात आम्ही वीस जणं राहत होतो."

तिच्या या बोटीवरून घरात आधीच बरंच बोलून झालं होतं. ती इंग्लंडात नोकरी करते. २०२३ साली बिनपगारी रजा काढून ती क्लिपर नावाच्या शर्यतीला गेली. त्या वर्षी सत्तर फुटी, एकाच साच्यातल्या शिडाच्या अकरा बोटी जगाला वळसा घालायला निघाल्या होत्या. अकरा महिने, चाळीस हजार सागरी मैल. बोटीचा कप्तान आणि त्याचा सहायक तेवढे पेशाचे, बाकी सगळे आपल्यासारखे. कुणी नर्स, कुणी शेतकरी, कुणी बँकेतून निवृत्त झालेला. आधी काही आठवडे शिकवतात आणि मग बोटीवर घेतात. पूर्ण फेरी झेपत नसेल तर एखादा टप्पा करता येतो. हिने केप टाउन ते फ्रीमँटल केला, तीन आठवड्यांच्या वर. आणि हे सगळं आपल्या पैशाने. आमच्या ताईने, म्हणजे तिच्या आईने, तेव्हा फोनवर एका वाक्यात निकाल दिला होता, "घरात कधी भांडं उचललं नाही, आता पैसे मोजून दुसऱ्यांची घासायला निघाली."

पुरुषांनी तिला विचारलं, वेग किती असतो, लाटा केवढ्या, शार्क दिसला का. मी विचारलं, निजत कुठे होतीस, जेवत काय होतीस, आणि ते… तेही कुठे?

तेही बोटीतच. एक हँडल असतं, हापशीसारखं मारत बसायचं, की सगळं समुद्रात. बोट एका अंगावर कललेली, त्यामुळे पुरुषांनीही बसूनच कार्यक्रम उरकायचा असा सक्त नियम. त्याची पाटी लावलेली असते म्हणे. अशी पाटी माझ्या सासरी चाळीस वर्षांपूर्वी लागायला हवी होती.

हे कलणं मला आधी कळलंच नव्हतं. मला वाटायचं, बोट म्हणजे डुलणार, पाळण्यासारखी. तसं नाही. वारा एका बाजूने लागला की बोट त्याच्या उलट्या अंगाला झुकते आणि तशीच राहते, कधी दिवसचे दिवस. म्हणजे घराच्या सगळ्या जमिनी उतरत्या झाल्या आणि तुम्हाला त्यावर संसार करायचा आहे. निजायचं ते अरुंद कापडी बाकावर. त्याला दोऱ्या आणि कप्पी असते, बोट जिकडे कलली असेल त्याप्रमाणे बाकाची एक कड वर ओढून घ्यायची, नाहीतर घसरून खालच्याच्या अंगावर. मध्येच शिडं फिरवून बोट दुसऱ्या अंगावर घेतली, की झोपेतच दोऱ्या उलट्या बाजूने खेचायच्या.

झोप तरी कितीशी? वीस जणांच्या दोन टोळ्या. एक वर, एक खाली. दिवसा सहा-सहा तासांच्या दोन पाळ्या, रात्री चार-चारच्या तीन. मी बोटांवर मोजलं. बारा आणि बारा, चोवीस. पण पाळ्या पाच आणि टोळ्या दोन, म्हणजे आज ज्यांच्या वाट्याला मध्यरात्र आली त्यांना उद्या ती नाही. विषम आकड्याने परस्पर न्याय होतो, वाटण्या करायला कुणी वडीलधारा लागत नाही. आमच्या वाड्यात हा हिशेब कुणाला सुचला असता तर निम्मी भांडणं झाली नसती.

वाड्याची आठवण होणारच. दांडिया बाजारातल्या त्या वाड्यात आम्ही एकोणीस माणसं होतो. नळ एक, त्याला पाणी पहाटे साडेपाचला. रात्रपाळी करून धाकटे काका सकाळी सातला यायचे आणि आजोबा ज्या गादीवरून उठलेले असायचे तीवर तसेच आडवे व्हायचे. गादीला आजोबांची ऊब असायची. बोटीवर हेच चालतं, आणि त्याला 'हॉट बंकिंग' असं भारदस्त नाव आहे. वरची टोळी खाली आली की खालच्यांनी सोडलेल्या बाकावर तिने शिरायचं. तुझा असा बाक कुठला, हा प्रश्नच नाही. भाचीला हेच सर्वांत जड गेलं. ती फ्लॅटमध्ये वाढलेली, चौथ्या वर्षापासून स्वतःची खोली. काकांचं आयुष्य त्या गादीवर गेलं, पण नाव काही त्यांना माहीत नव्हतं.

आणि मग मदर वॉच. म्हणजे आईचा पहारा. रोज दोघांची नावं लागतात. त्या दोघांनी वर यायचं नाही, शिडाला हात लावायचा नाही. दिवसभर वीस जणांचा नाश्ता, दोन वेळचं जेवण, मधला चहा, ताजा पाव, भांडी आणि संडाससुद्धा. सामान दिवसाप्रमाणे पिशव्यांत बांधलेलं, सोमवारच्या पिशवीतलं बिस्किट रविवारी फोडायचं नाही. शेगडी मधोमध झुलती टांगलेली असते, बोट कलली तरी ती सपाट राहते. म्हणजे स्वयंपाकी तिरका आणि भात सरळ. उकळतं पाणी अंगावर येऊ नये म्हणून समुद्र खवळला की अंगात पूर्ण रबरी कपडे घालून पोळपाटापाशी उभं राहायचं. पोळपाट माझा, तिथे नसतो. आमची आजी ओलेत्याने सोवळ्यात रांधायची, हिचं सोवळं हे असं.

ताटं नसतात, खोलगट वाडगे. कप अर्धाच भरायचा. पूर्ण भरला तर उरलेला अर्धा शेजारच्याच्या मांडीवर.

या आईच्या पहाऱ्याचं बक्षीस काय, तर त्या रात्री पाळी माफ. सलग रात्रभर झोप. हे ऐकून मी हसत सुटले. ज्याने कुणी हे नाव ठेवलं त्याने आई पाहिली असेल, पण रात्री नसावी.

वर काय चाललेलं असायचं, हे तिने सांगितलं ते आमच्या अगाशीत, म्हणजे गच्चीवर. उत्तरायणाला अख्खं बडोदं सकाळी उठून आधी झाडांचे शेंडे बघतं, हवा आहे का. अकरा वाजेपर्यंत पानही हलत नव्हतं, पोरं हिरमुसली, आणि ही गालावर हात ठेवून म्हणाली, येतोय, त्या टाकीच्या बाजूने. आला. नातवाला पतंग देता देता तिने मला शीड समजावलं. शीड ताणत सुटायचं नाही. जास्त ताणलं की बोट नुसती कलते, पळत नाही. आधी ढील द्यायची, शिडाची कड फडफडायला लागेपर्यंत, मग फडफड थांबेल इतकंच खेचायचं. वारा जरा सरकला की पुन्हा तेच. चार तास. एकाच्या हातात सुकाणू, एकाचा डोळा त्या कडेवर. मी म्हटलं, हे तर आमचं रोजचं. शेजारच्या अगाशीतून तेवढ्यात "काइपो छे!" झालं. नातवाने ढील द्यायची तिथे खेचला होता.

दिवाळी तिची त्याच टप्प्यात आली, दक्षिणेच्या थंड समुद्रात. मी भाकरवडी पाठवली होती, पण सामानाला वजनाची मर्यादा, त्यामुळे एकच पुडा गेला, तो वीस जणांत पाच मिनिटांत संपला. बोटीवर पणत्या लावायचा प्रश्नच नव्हता. रात्री तर साधा पांढरा दिवाही लावत नाहीत. डोळ्यांची अंधाराची सवय मोडू नये म्हणून कपाळावर लाल दिवे. आणि लक्ष्मीपूजन म्हणजे अमावस्या. मध्यरात्रीच्या पाळीला ती सुकाणूवर होती, चंद्र नाही, शेकडो मैलांत दुसरा दिवा नाही, आणि बोटीच्या मागे फुटणारं पाणी आपल्या आपण हिरवट चमकत होतं. पाण्यातले बारीक जीव ढवळले की उजळतात. तिने हे सांगितलं तेव्हा माझा हात चिक्कीच्या डब्यात होता, तो तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी तिचा आईचा पहारा. पिशवीतल्या तांदळा-डाळीची तिने खिचडी केली. त्यात हळद कुठून आली, ते विचारल्यावर कळलं, मोज्यात लपवून नेली होती. इतकी आईवर गेलेली असेल, असं ताईला मी अजून सांगितलेलं नाही.

अंघोळ नाही. ओल्या रुमालांनी अंग पुसायचं. समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र असतं, पण ते पाणी प्यायला आणि शिजवायला. कपडे सुकत नाहीत, बोटीच्या आतल्या भिंतींना घाम येतो, तळाशी पाणी साठतं आणि रोज कुणीतरी पालथं पडून स्पंजाने ते टिपायचं. बादली, स्पंज, पिळ. पुन्हा बादली. आणि दर तासाला वहीत नोंद. कुठे आहोत, वेग किती, हवेचा दाब किती. काही घडलेलं नसलं तरी.

वहीचं ऐकल्यावर मी उठून माझी वही आणली. २०२४च्या ऑगस्टअखेरीला विश्वामित्रीचा पूर आला. नदीची धोक्याची खूण पंचवीस फुटांची, पाणी पस्तिसाच्या वर गेलं. गावात मगरी फिरत असल्याचे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. खालची दोन घरं वर आली, अकरा माणसं, वीज नाही, मोटार नाही, भरून ठेवलेली पाच पिंपं. तेव्हा मी गॅसच्या वहीत मागच्या पानावर लिहायला लागले. 'रात्री ११, पायऱ्या ४. रात्री १२, पायऱ्या ५. रात्री १, पायऱ्या ५.' बुडालेल्या पायऱ्या. का लिहीत होते, ठाऊक नाही. लिहिल्याने पाणी काही थांबणार नव्हतं. यांनी आणि खालच्या भाईंनी आळीपाळीने जिन्यात बसून टॉर्च मारला, तर जाऊबाईंनी पिण्याचं पाणी तांब्याने मोजून दिलं, लेकरांना आधी. पहाटे चारच्या नोंदीपुढे 'पायरी १ कमी' असं आहे आणि त्याखाली, कशासाठी कोण जाणे, मी दोन रेघा मारल्या आहेत.

भाचीने ते पान बराच वेळ पाहिलं. मग हवेचा दाब लिहिला नाहीस, एवढंच म्हणाली.

मी विचारलं, एकटे जाणारे असतात त्यांचं कसं? त्यांची आई कोण? कारण ही शर्यत ज्यांनी सुरू केली ते रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८ साली एकटेच निघाले होते, कुठे न थांबता, एकट्याने जगाला वळसा घालायच्या शर्यतीला. निघालेले नऊ, शर्यत पुरी करणारे हे एकटे, ३१२ दिवसांनी. बोट होती 'सुहैली', बत्तीस फुटी, सागवानाची, आणि बांधलेली कुठे, तर आपल्या मुंबईत. नारळ फोडून पाण्यात सोडलेली. टाक्यांमधलं गोडं पाणी वाटेत नासलं, तर पावसाचं शिडावरून ओघळणारं पाणी धरून त्यांनी उरलेलं जग पार केलं. आमचे नौदलातले दिलीप दोंदे २००९-१०मध्ये गोव्यात बांधलेली 'म्हादेई' घेऊन एकटे फिरून आले, असं करणारे पहिले भारतीय. शीड ओढायचं, शिवायचं, रांधायचं, घासायचं, निजायचं आणि स्वतःला हलवून उठवायचं, सगळं एकाच माणसाने. भाची म्हणाली, उठवणं सगळ्यात कठीण. त्यांच्या बोटीवर पुढच्या पाळीला उठवायला जाणारा हातात गरम चहा घेऊन जायचा. तेवढ्यासाठी ती एकटी कधी जाणार नाही.

तिच्या बोटीचा नंबर? अकरांत सातवा. मी विचारलं म्हणून सांगितलं.

वासी उत्तरायणाच्या, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या, रात्री मला जाग आली. या वयात ती येतेच. स्वयंपाकघरात दिवा होता. पावणेचार वाजले होते. समुद्रावरून परत येऊन वर्ष उलटलं तरी या वेळी डोळे उघडतात, म्हणाली, पाळी बदलते ना. तिने चहा टाकलाच होता, माझी चाहूल लागल्यावर दूध वाढवलं. दोन कप मांडले आणि दोन्ही निम्मे भरले.

"भर की पूर्ण," मी म्हटलं. "इथे काय कलतंय?"

तिने भरले, काठोकाठ. पण ओतताना पाय फाकवून, कमरेने ओट्याला घट्ट टेकून उभी होती.