ए-टू म्हशीचं दूध?

आज सकाळी कोल्हापुरात गंगावेशच्या दूध कट्ट्यावर धारोष्ण दुधाचा ग्लास हातात आणि वाद एकच: "म्हैस ए-टू हाय का?" ए-वन, ए-टू हे दुधातल्या एका प्रथिनाचे दोन प्रकार. अहो, म्हशीचं दूध जवळजवळ सगळंच ए-टू असतं. त्यासाठी जादा पैसे कशाला मोजायचे? प्रश्न गाईचा, त्यातही एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन या विदेशी जातीच्या) संकराचा.

हे प्रथिन म्हणजे बीटा-केसीन, २०९ अमिनो आम्लांचं. ६७ व्या जागी प्रोलीन असेल तर ए-टू, हिस्टिडीन असेल तर ए-वन. जनुकात फरक एका अक्षराचा: सीसीटी या तीन अक्षरांचं सीएटी. गाईकडं जनुकाची एक प्रत ए-वन आणि एक ए-टू असली तर दुधात दोन्ही प्रथिनं उतरतात, एक दुसऱ्याला झाकत नाही. अशा गाईला शुद्ध ए-टू वळूचं रेतन केलं, तरी ए-वन वासरात जायची शक्यता निम्मी. वळू दूध देत नाही, पण जनुक देतो.

या जनुकाच्या तपासणीला शेपटीचे २०-३० केस उपटून घ्यायचे, मुळासकट. कात्रीनं कापलेले चालत नाहीत, डीएनए मुळाच्या पेशीत असतो. कोरड्या कागदी पाकिटात ठेवा. प्लास्टिकमध्ये ओल धरून नमुना कुजतो. एका जनावराचं एकच पाकीट, त्यावर कानातल्या बिल्ल्याचा नंबर.

फॅटचं गणित मात्र असं एका जनुकावर सुटत नाही. तिथं अनेक जनुकं, वर चारा. पेंड वाढवून वैरण तोडली की फॅट पडते. शेवटच्या धारा रेडकाला सोडल्या तरी डेअरीत आकडा खाली येतो, कारण जास्त फॅट त्याच धारांत असते. आणि शिव्या खातो वळू!