तुम्ही विचारलंत म्हणून: समाजकार्यात जायचंय, पण नेमकं कुठे?

रुग्णालयात समाजसेविका म्हणून काम करायला लागून मला अठरा वर्षं झाली. फिल्डवर्कला, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला, येणारे समाजकार्याचे विद्यार्थी पहिल्या आठवड्यातच विचारतात, "मॅडम, पुढे कुठलं क्षेत्र घेऊ?" त्यांच्या पालकांचा प्रश्न वेगळा असतो: "यात करिअर आहे का?" आहे, हे मी त्यांना तिथल्या तिथे सांगते. मुलांच्या प्रश्नाला मात्र वेळ द्यावा लागतो.

बहुतेक जण उत्तरादाखल विषय सांगतात. मला मुलांसाठी काम करायचंय, वृद्धांसाठी करायचंय, मानसिक आरोग्यात जायचंय. मग मी त्यांना विचारते, दिवसभर काय करायला आवडेल? कारण "मुलांसाठी" या एका शब्दात किती वेगवेगळ्या नोकऱ्या आहेत बघा. बालगृहातली समुपदेशक एका न बोलणाऱ्या मुलासमोर तासभर बसते. दत्तक प्रक्रियेतली कार्यकर्ती घरोघरी जाऊन अहवाल लिहिते आणि त्या अहवालावर एका बाळाचं घर ठरतं. शाळेतली समाजसेविका महिनाभर गैरहजर असलेल्या मुलीच्या घरी जाते. आणि कोणीतरी बालहक्कांच्या कायद्यातल्या एका कलमाची भाषा बदलून घेण्यासाठी चार वर्षं बैठका करत असतं. चौघांचा विषय एकच, पण एकाचा दिवस दुसऱ्याला सोपवला तर तो आठवड्यात राजीनामा देईल.

व्यक्तीबरोबरचं काम, ज्याला आम्ही केसवर्क म्हणतो, ते काय असतं हे मला माझ्या पहिल्या फिल्डवर्कमध्ये कळलं. पायाला मोठी जखम झालेला एक रुग्ण होता. डिस्चार्जपूर्वी घरच्यांनी ड्रेसिंग शिकून घ्यायचं होतं आणि बायको काही शिकायला येत नव्हती. मी नोंदीत लिहिलं, "पत्नी सहकार्य करत नाही." माझ्या सुपरवायझर बाईंनी 'सहकार्य' या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल केला आणि विचारलं, "तू पाहिलंस काय?"

मी आठवून सांगितलं. ती साडेचारला येते, खाटेशी उभी राहते, खुर्ची असली तरी बसत नाही, पाचला निघून जाते.

"मग तेवढंच लिही. आणि उद्या तिला विचार."

दुसऱ्या दिवशी विचारलं. तिची रात्रपाळी होती, साडेपाचपासून. सकाळी घरी पोचून धाकट्याचं आवरलं की जेमतेम झोप मिळायची. ड्रेसिंग शिकवायची वेळ होती सकाळी अकराची. खुर्चीवर ती बसत नव्हती, कारण बसलं की डोळा लागतो आणि पाळी चुकते. मी सिस्टरांशी बोलले, ड्रेसिंग पावणेपाचला ठेवलं. चौथ्या दिवशी रुग्ण घरी गेला. या सगळ्यात मी कोणाला मदतनिधी मिळवून दिला नाही, धीराचे शब्दही बोलले नाही. एक वेळ बदलली, आणि ती बदलण्यासाठी आधी एक वाक्य खोडलं.

अमेरिकेतल्या समाजकार्याच्या अग्रणी मेरी रिचमंड यांनी 1917 साली 'सोशल डायग्नोसिस' हे पुस्तक लिहिलं ते नेमकं याच शिस्तीवर: निष्कर्षाआधी माणसाच्या परिस्थितीचा पुरावा कसा गोळा करायचा. रुग्णालयातल्या कामाची सुरुवात त्याच्याही आधीची. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलने मेरी स्टुअर्ट यांना या कामावर नेमलं ते 1895 मध्ये, आणि बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरलमध्ये डॉ. रिचर्ड कॅबट यांनी 1905 मध्ये हे काम सुरू केलं. घरची परिस्थिती कळल्याशिवाय उपचार पुरे पडत नाहीत, हे त्यांना पटलं होतं. असं बारीक, एका माणसाजवळ थांबून करायचं काम तुम्हाला ओढून घेत असेल, तर रुग्णालय, व्यसनमुक्ती, मानसोपचार, कौटुंबिक न्यायालय, उपशामक सेवा (बरं न होणाऱ्या आजारात वेदना कमी करणारी सेवा) ही तुमची ठिकाणं आहेत.

काहींना मात्र एकेका माणसाची अडचण सोडवताना सारखं वाटत राहतं की, अरे, ही तर सगळ्यांचीच अडचण आहे. त्यांनी वस्तीत जावं, संघटनेत जावं, धोरणात जावं. जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी 1889 मध्ये शिकागोत हल हाउस हे वस्तीत राहून काम करणारं केंद्र सुरू केलं. आसपासचा कचरा वेळेवर उचलला जात नव्हता, म्हणून 1895 मध्ये ॲडम्सबाई स्वतः त्या वॉर्डाच्या कचरा निरीक्षक झाल्या. पुढे 1931 मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. पण विद्यार्थ्यांना मी कचऱ्याचीच गोष्ट सांगते, कारण समुदायाचं काम दिसायला तसंच असतं. त्याच हल हाउसमध्ये काही काळ काम केलेल्या फ्रान्सिस पर्किन्स 1933 मध्ये अमेरिकेच्या कामगारमंत्री झाल्या आणि 1935 च्या सामाजिक सुरक्षा कायद्यामागे उभ्या राहिल्या. या वाटेवर बैठका फार आणि फळ उशिरा. संध्याकाळपर्यंत काहीतरी घडलेलं दिसायलाच हवं, असा स्वभाव असेल तर फार त्रास होतो.

एकदा निवडलं की अडकलो, अशी भीती अनेकांना असते. त्यांना मी इंग्लंडच्या सिसिली सॉन्डर्स यांचं उदाहरण देते. त्या आधी नर्स होत्या. पाठीच्या दुखण्यामुळे ते सोडावं लागलं, मग त्या रुग्णालयात समाजसेविका झाल्या. मरणाच्या दारातल्या रुग्णांच्या वेदनेकडे कोणी नीट पाहत नाही हे तिथे दिसलं, म्हणून पुढे डॉक्टर झाल्या आणि 1967 मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांची काळजी घेणारं ठिकाण, उभं केलं. आधुनिक हॉस्पिस चळवळ तिथून सुरू झाली.

पगाराचं स्पष्ट सांगते: सुरुवातीला फार नसतो, आणि प्रकल्पाच्या निधीवरची जागा निधीबरोबर संपते. म्हणून मुलाखतीत पगाराइतकंच आवर्जून विचारा की माझं सुपरव्हिजन, म्हणजे माझ्या कामावर नजर ठेवून मार्गदर्शन, कोण करणार, आठवड्यातून किती वेळ, आणि एका वेळी किती केसेस माझ्याकडे असतील. ज्या संस्थेला याचं उत्तर देता येत नाही, तिथे चांगली चांगली मुलं दोन वर्षांत थकून बाहेर पडलेली मी पाहिली आहेत. त्यांची कळकळ कुठेही कमी नव्हती. पेन्सिल घेऊन शेजारी बसणारं कोणी नव्हतं.

आणि "मी स्वतः हे सोसलंय, म्हणून मला यात यायचंय" असं म्हणणाऱ्यांना माझा मनापासून होकार असतो. फक्त आपली जखम आधी कोणाला तरी दाखवून घ्या. समोरच्याच्या गोष्टीत आपलीच गोष्ट ऐकू यायला लागली, तर त्याचं ऐकणं राहून जातं.

क्षेत्र ठरवण्याआधी मी प्रत्येकाला एकच काम देते: तुम्हाला हवी असलेली नोकरी करणाऱ्या माणसाबरोबर एक अख्खा दिवस काढा. कार्यक्रमाचा, शिबिराचा दिवस नको, अधलामधला कुठलाही मंगळवार घ्या. फोन, फॉर्म, वाट पाहणं, सगळं बघा.

मागे एक मुलगी आली होती, लहान मुलांचं समुपदेशन करायचंच असं ठरवून. मुलांजवळ ती अवघडून बसायची आणि त्याचं तिला फार वाईट वाटायचं. तिसऱ्या आठवड्यात बालरोग विभागातलं जुनं रजिस्टर मी तिला सहज चाळायला दिलं. दोन दिवसांनी ती एक कागद घेऊन आली. फेरतपासणीला न आलेल्या मुलांची तिने वार आणि वेळेनुसार मांडणी केली होती. ज्यांना शाळेच्या वेळेत बोलावलं होतं, त्यांची गळती सगळ्यात जास्त होती. आम्ही एवढी वर्षं ते रजिस्टर भरत होतो, कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. ती मला समजावून सांगत होती तेव्हा तिचा अवघडलेपणा कुठल्या कुठे गेला होता. आता ती एका संस्थेत कार्यक्रमांच्या मूल्यमापनाचं काम करते. मुलांसाठीच.