पिकामागून येणारी मुलं

मिशिगन म्हटलं की आपल्याकडे डेट्रॉइट आणि मोटारींचे कारखाने आठवतात. मी राहते तो पश्चिमेकडचा, मिशिगन सरोवराच्या बाजूचा भाग मात्र शेतीचा आहे. मे महिन्यात ॲस्परॅगस, जुलैत ब्लूबेरी, सप्टेंबर-ऑक्टोबरात सफरचंद. तोडणीला माणसं येतात ती थेट टेक्सास-फ्लोरिडाहून, बहुतेक मेक्सिकन वंशाची, बायकापोरांसह. शेतमालकानं बांधलेल्या खोल्यांत दोन-तीन महिने राहतात, हंगाम संपला की पुढच्या पिकाकडे निघतात. कोल्हापूरच्या माणसाला हे चित्र वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडे हीच माणसं बीडहून येतात आणि पीक उसाचं असतं.

या कुटुंबांतल्या पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मी स्वयंसेवक म्हणून काम करते. शिकवत नाही. जिथं निर्णय होतात तिथं या मुलांच्या बाजूनं बोलायचं, आणि जिथं सोय आहे तिथवर त्यांना पोचवायचं, एवढं माझं काम.

सोय आहे ती अशी. १९६५ साली अमेरिकेत गरीब घरांतल्या लहान मुलांसाठी ‘हेड स्टार्ट’ ही सरकारी बालशिक्षण योजना सुरू झाली. पहिल्या वर्षी तो नुसता आठ आठवड्यांचा उन्हाळी वर्ग होता. चार वर्षांत लक्षात आलं की शेतमजुरांची मुलं त्यात बसत नाहीत, कारण ती एका गावी टिकतच नाहीत. म्हणून १९६९ मध्ये त्यांच्यासाठी वेगळी शाखा निघाली. तिची केंद्रं हंगामाबरोबर उघडतात आणि हंगामाबरोबर मिटतात. तान्ही बाळंसुद्धा घेतात. आईबाप शेतावर जातात तेव्हा केंद्र उघडं हवं, म्हणून ते भल्या सकाळी सुरू होतं. आधी कामाचे तास बघितले, मग शाळेचे तास ठरवले. मला या सगळ्या योजनेत हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

तरी मुलं आपोआप येत नाहीत. संध्याकाळी सहानंतर, आंघोळी उरकून बायका चुलीपाशी लागल्या की आम्ही वस्तीवर जातो. कोणाचं लसीकरणाचं कार्ड आधीच्या गावी राहिलेलं असतं, कोणाला वाटतं अर्ज भरला की पैसे मागतील. एकदा बसून बोललं की पुढच्या वेळी तीच बाई शेजारणीला घेऊन येते. आणखी एक नियम मला फार आवडतो: हेड स्टार्टच्या धोरण समितीत बहुमत पालकांचं असावंच लागतं. ब्लूबेरी तोडणारी आई त्या टेबलाशी बसते, अंदाजपत्रकावर मत देते.

काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, बैठकीत सामान्य माणसाला बोलायला तीन मिनिटं मिळतात. त्या तीन मिनिटांत मी बहुधा आमच्याच राज्यातल्या इप्सिलांटी गावचा दाखला देते. १९६२ पासून तिथं १२३ गरीब कृष्णवर्णीय मुलांचा अभ्यास झाला. त्यांतल्या काहींना तीन-चार वर्षांच्या वयात चांगली बालवाडी मिळाली, बाकीच्यांना नाही. चाळिशीपर्यंत त्यांचा माग काढला, तेव्हा बालवाडीत गेलेल्यांपैकी ७७ टक्के हायस्कूल पूर्ण केलेले निघाले, न गेलेल्यांपैकी ६० टक्के. आकडा ऐकून सभासद मान हलवतात. पण मतं फिरतात ती बहुतेकदा अगदी साध्या मागणीवर. इथल्या एका वाचनालयाचं कार्ड कायमच्या पत्त्याशिवाय मिळत नसे. आम्ही विचारलं, शेतमालकाचं पत्र चालेल का? दोन बैठका बोलणं झालं आणि चालायला लागलं. आता त्या वस्तीतली पोरं चित्रांची पुस्तकं उशाशी घेऊन झोपतात.

मागच्या हिवाळ्यात गावी आले ते हे सगळं डोक्यात घेऊनच. आमचं सासर कोल्हापूर जिल्ह्यात, भोगावतीच्या काठावरचं. दिरांच्या उसात तोड चालू होती आणि फडाच्या कडेला साडीच्या झोळीत मूल झोपलेलं. अंगणवाडी तिथून चालत पंधरा मिनिटांवर. सेविकाताईंना विचारलं, या मुलांची नोंद होते का?

“नोंद घेतो की वहिनी, मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकरात स्थलांतरितांची सोय हाय. पण पोरास्नी आणणार कोण? आया पहाटे चारला फडात. सात वर्षाची पोर धाकट्याला संभाळत खोपीत बसलेली असत्या. तिची शाळा गेली आणि ह्याची अंगणवाडीबी गेली.”

त्या ताईंच्या एका वाक्यात दोन मुलांचं नुकसान मावलं होतं. मानधनावर काम करणारी ही बाई वजनं घेते, आहार वाटते, गाणी-गोष्टी घेते, वर मोबाइलवर माहिती भरते. तिनं खोपीपर्यंतही एकटीनं जावं असं म्हणायला माझी जीभ रेटली नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सांगतं की मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहा वर्षांच्या आत होते. ऊसतोडीचे पाच महिने, असे तीन-चार हंगाम धरले, तर त्या काळातला केवढा भाग झोळीत आणि खोपीत जातो!

आणि याचं उत्तर अमेरिकेतून आणायची गरजच नाही. १९४५ मध्ये बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पाहिलं की वस्तीतली मुलं बालवाडीत येत नाहीत, तेव्हा त्यांनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेऊन भरवली. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या पोरांसाठी शाळा कुरणात नेली. मूल असेल तिथं शाळा, हा विचार आपल्याच मातीतला. आणि ज्या संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोराला शाळेत न घालणाऱ्या पालकाला दंड ठेवला, त्या संस्थानच्या जमिनीवरच हा ऊस उभा आहे. साखरेचा पैसा आपल्या घरात येतो. ज्यांच्या हातून तो येतो त्यांची पोरं हंगामापुरती तरी आपल्या गावची धरली पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे.

महिलासभेत मी हे बोलले. बचत गटाच्या दोघी म्हणाल्या, सकाळी आम्ही खोपीवर जाऊन पोरांना गोळा करून आणतो, थोडं मानधन द्या. सरपंचबाईंनी ग्रामसेवकांकडे बघितलं. ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नाचे १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. त्यातून कोणी शिलाई मशीन घेतं, कोणी आणखी काही. मानधन त्यात बसवता येईल का, हे वरती विचारून सांगतो, असं ग्रामसेवक म्हणाले. त्या दोघी मात्र उत्तराची वाट न बघता दुसऱ्या दिवसापासून जायला लागल्या. फेब्रुवारीत मी निघाले तेव्हा खोपीवरची सहा-सात मुलं अंगणवाडीत खिचडी खात होती आणि मराठवाडी बोलीत आमच्या पोरांना खेळ शिकवत होती.

तुमच्या गावी हे करायचं असेल तर नोव्हेंबरची वाट बघू नका. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषय घ्या, त्याआधी महिलासभेत ठराव करून ठेवा. किती मुलं येतील हे तेव्हा सांगता येणार नाही. पण टोळी कुणाच्या रानात उतरणार हे कारखान्याच्या चिटबॉयला, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या माणसाला, आधी कळतं. त्याला विचारा आणि अंगणवाडीच्या ताईंना त्याच दिवशी सांगा.