तुम्ही विचारलंत म्हणून: मेथडिस्ट म्हणजे नक्की कोण?

चर्चला जाते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "म्हणजे कॅथलिक का?" नाही. "मग सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया?" तेही नाही, मेथडिस्ट. इथे समोरचा गप्प होतो. खरं सांगायचं तर आमच्यातलेही बरेच जण होतात.

मेथडिस्ट ही प्रोटेस्टंट ख्रिस्ती लोकांची एक शाखा. नाव मुळात टिंगलीतून आलं. अठराव्या शतकात ऑक्सफर्डला जॉन आणि चार्ल्स वेस्ली हे भाऊ आणि त्यांचे मित्र प्रार्थना, उपास, कैद्यांच्या भेटी, सगळं ठरल्या पद्धतीने करायचे. बाकीची पोरं हसली, आले पद्धतवाले! चिकटलं ते चिकटलंच.

मला आवडते ती मात्र कर्जाची गोष्ट. १७४२ साली ब्रिस्टलच्या प्रार्थनागृहावर देणं होतं. दर माणशी आठवड्याला एक पेनी काढायचं ठरलं. पण ज्याला तेवढंही जमत नाही त्याचं काय? एक जण उठला, म्हणाला, मला अकरा जण नेमून द्या, कुणाची कमी पडली तर मी भरतो. मग असे वसुलीवाले दारोदार फिरू लागले, आणि पैशांबरोबर घरं कळू लागली. कुठे नवराबायकोचं भांडण चाललेलं, कुठे कुणी पिऊन पडलेला. त्या वसुलीतून मेथडिस्टांची 'क्लास मीटिंग', म्हणजे छोट्या गटाची आठवड्याची बैठक, उभी राहिली.

१८७१ च्या अखेरीस अमेरिकन मेथडिस्ट प्रचारक विल्यम टेलर मुंबईत आले, तेव्हा त्यांनीही हेच केलं. आधी लोकांच्या घरी क्लास, चर्चची इमारत नंतर. सुरुवातीची मंडळी इंग्रजी बोलणारी, मराठी उपासना पुढची. १९७० मध्ये नागपुरात बऱ्याच चर्चेस मिळून सीएनआय झाली. अमेरिकन मेथडिस्टांनी उभारलेली आमची शाखा मात्र ऐनवेळी बाहेर राहिली, आणि १९८१ पासून ती भारतातली स्वायत्त मेथडिस्ट चर्च आहे. म्हणून तालुक्याच्या गावातही कधीकधी दोन चर्चेस दिसतात, आणि नाताळात दोन्हीकडचा केक खावा लागतो. तक्रार नाही.

आमच्याकडे पाळक कायमचे नसतात. वार्षिक परिषदेत नेमणुका वाचून दाखवतात, नाव आलं की पाळकसाहेबांनी सामान बांधायचं. वेस्ली घोड्यावरून फिरायचे, आमचे टेम्पोतून जातात, एवढाच फरक. त्यामुळे मंडळीचा इतिहास पाळकांकडे सापडत नाही. बाप्तिस्म्याच्या जुन्या रजिस्टरला तर वाळवी लागली.

मंडळीचा इतिहास आहे तो आत्याच्या स्टीलच्या डब्यात. ती स्त्री मंडळाची खजिनदार. बुधवारच्या घरप्रार्थनेची वही, रकाने पट्टीने आखलेले: नाव, दान, शेरा. दानाच्या रकान्यात बऱ्याचदा पाच रुपये, आणि शेऱ्यात 'सुनेचं बाळंतपण', 'बोअर आटली', 'रुसले आहेत'. एका नावापुढे सलग चार बुधवार 'दवाखाना' आहे, पाचव्या बुधवारी त्याच नावापुढे दान सात रुपये, आणि ते सात रुपये आत्याच्या अक्षरात.

यंदा नवे पाळक आले. पहिल्याच चहाला त्यांनी विचारलं, मंडळीचा इतिहास कुणी लिहून ठेवलाय का? आत्याने डबा पुढे सरकवला. "वाचा. साखरेचा हिशोबही त्यातच आहे, तेवढा सोडून द्या."